दोन दिवसांसाठी उसनी घेतलेली डिस्क

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी काकू शेवटच्या कपाटातल्या डिस्क एकेक करून झोपवत होत्या.

झोपवणं हा त्यांच्या मशीनखोलीतला शब्द. कपाटाची वीज चालू ठेवायची, पंखे फिरू द्यायचे, आतल्या माहितीला धक्का लावायचा नाही. फक्त मेनफ्रेमला, म्हणजे कचेरीच्या मोठ्या संगणकाला, सांगायचं की ही डिस्क आता तुझी नाही. मग हाताची घडी घालून बसायचं आणि कोण रडतं ते बघायचं. ती डिस्क अजून कुणाला लागत असेल तर दिवसभरात कधीतरी त्याचा स्क्रीन अडतो, तो फोन करतो, तणतणतो. तेच रडणं. दिवस कोरडा गेला तर डिस्क मोकळी झाली असं धरायचं.

या वेळी मात्र पुरता दिवस नव्हता. दोन वाजता ट्रक येणार होता. कपाट त्यावर चढलं की संध्याकाळच्या आत त्यातल्या डिस्क यंत्रात घालून भरडायच्या, असं ठरलेलं होतं. कचेरी बंदर कामगारांच्या पेन्शनची. आतली नावं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून ही खबरदारी. म्हणजे दोननंतर कपाटात काही राहून गेलेलं निघालं, तर ते कायमचं गेलं. काकूंच्या निवृत्तीला दोन महिने होते. त्यांच्या हातून आजवर एकाही माणसाची नोंद हरवली नव्हती. हे त्या कुणाला बोलून दाखवत नसत, पण मनात ते होतं.

काकू हे नाव त्यांना चोविसाव्या वर्षी पडलं, लग्नाच्याही आधी. मशीनखोलीत बारा महिने गारठा. बाकीचे कुडकुडत आणि मिरवत, ही नवी मुलगी पहिल्याच दिवशी जाड स्वेटर, कानाला रुमाल आणि गरम पाण्याची बाटली घेऊन आली आणि उघड्या गळ्याने बसलेल्या एकाला म्हणाली, "आजारी पडलात तर तुमची पाळी मी करणार नाही." पाळीप्रमुख हसले आणि म्हणाले, "घ्या, काकू आल्या." झालं. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना काकू म्हणू लागली. पुढे नवरा मिळाला तो गोदीतला क्रेनवाला. पहिल्यांदा कचेरीत बायकोला न्यायला आला, तेव्हा पहारेकरी आत वळून ओरडला, "काकू, काका आलेत!" काकांचं वय तेव्हा अठ्ठावीस.

पाळीप्रमुखांचंही खरं नाव कुणी घेत नसे. ते सबूर. कुणी घाईने कळ दाबायला गेलं की त्यांच्या तोंडून एवढाच शब्द निघे. डिस्क झोपवून रडू देण्याची रीत त्यांचीच. "डिस्क मारायची घाई नको," ते म्हणत. "आधी झोपव. तिच्या अंगावर कोण पाय टाकून निजलंय ते उठल्याशिवाय कळत नाही."

त्या काळी डिस्क म्हणजे हातात धरायची वस्तू होती. ताटाएवढ्या तबकड्यांची चळत, वर मूठ असलेलं पारदर्शक झाकण, आणि वजन असं की दोन उचलल्या की खांदे उतरत. कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या पेटीचं झाकण उघडायचं, चळत आत बसवायची, मूठ फिरवायची. पेटी आधी घुरघुरे, मग आवाज चढत चढत एका सुरात लागे. तो सूर जरा घसरला तरी काकू हातातलं काम टाकून उठत. एकदा आतलं वाचणारं पातं तबकडीवर टेकलं आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज झाला. त्यानंतर आठवडाभर भांडं घासताना घासणी किरकिरली तरी घरात त्या दचकत.

पुढे पेट्यांची कपाटं झाली. माणसाच्या उंचीची, काळी, एका ओळीत उभी. फरशीखालून मनगटाएवढ्या केबली येत आणि प्रत्येक डिस्कला चार अक्षरांचा पत्ता असे. काकूंना पत्ते पाठ होते. माहेरच्या गल्लीतली घरं सांगावीत तसे त्या सांगत. "तेराशे वीसचा पंखा आवाज करतोय. चौदाशे एकच्या शेजारी जागा आहे."

मग मेनफ्रेमच्या पोटात सर्व्हर राहायला आले. खरे नव्हेत, आभासी. मोठ्या इमारतीत बिऱ्हाडं असावीत तसे. यंत्र एकच, पण आतल्या प्रत्येक सर्व्हरची समजूत अशी की सबंध यंत्र आपलंच आहे. एक पगारपत्रकं काढायचा, एक पत्रं छापायचा, एक वारसांच्या नोंदी सांभाळायचा. बघता बघता शंभरावर बिऱ्हाडं झाली आणि कपाटांत जागा पुरेना. तेव्हा डिस्कच जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, न्यायचं ठरलं. रस्त्यापलीकडच्या इमारतीत मोठी साठवणपेटी बसली. मधे माहिती योग्य डिस्ककडे वळवणारे दोन स्विच, दोन स्वतंत्र वाटा, आणि सुतळीएवढ्या काचेच्या तारा. सर्व्हरने जाळ्यावर आपला ओळखक्रमांक सांगायचा. पेटीच्या यादीत तो असला तरच त्याची डिस्क त्याला दिसायची.

सबूर यांना हे पटलं नाही. "पलीकडच्या इमारतीतली डिस्क ती काय आपली?" ते म्हणाले. "हाक मारली तर आवाज येत नाही तिचा."

"हाक कशाला मारायची? काम सांगायचं," काकू म्हणाल्या.

"तू सांग. मी आपला इथे बसतो." आणि ते निवृत्त होईपर्यंत जुन्या कपाटांच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसले. तीन वर्षांपूर्वी ते गेले. कपाटं एकामागून एक निघत गेली. सगळ्यात शेवटी राहिला वारस नोंदीचा सर्व्हर. पंधरवड्यापूर्वी काकूंनी त्याची डिस्क जाळ्यावर उतरवून घेतली, तिकडून तो सुरू केला आणि सगळे दिवे हिरवे लागले. जुनं कपाट तेवढं, असावं म्हणून, जोडलेलं राहिलं होतं.

पावणेसातपर्यंत सगळ्या डिस्क झोपल्या. आठला कचेरी भरली. नऊ झाले, दहा झाले. फोन दोनदा वाजला. एकदा चुकीचा लागला होता आणि एकदा काकांनी विचारलं की हळद कुठल्या डब्यात आहे.

"ज्या डब्यात गेली वीस वर्षं आहे, त्यात."

"तो डबा कुठाय, हे विचारतोय मी."

"तुमच्या डोळ्यासमोर. चष्मा लावा."

साडेबाराला साहेब आले. साहेब वयाने काकूंच्या थोरल्या मुलापेक्षा लहान, पण माणूस सरळ. हातात कागद होता.

"काकू, सकाळपासून कुणी रडलं?"

"नाही."

"कपाटाची गेल्या दोन दिवसांची हालचाल काढलीय मी. शून्य. एक अक्षर लिहिलं गेलेलं नाही." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मग वीज बंद करायची का? ट्रकवाला लवकर आलाय. खाली हॉर्न वाजवतोय."

काकूंनी कागद पाहिला. आकडे खरे होते. त्या उठल्याही. कपाटाच्या मागे जाऊन मुख्य खटक्यापाशी उभ्या राहिल्या. आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की गेल्या दोन दिवसांत शनिवार आणि रविवार होते.

"साहेब, हे सुट्टीचे आकडे आहेत."

"आज सोमवार आहे की. अर्धा दिवस झाला."

"सोमवारी वारस खिडकी कधी उघडते?"

खिडकीवर बसणारे कारकून सोमवारी सकाळी बंदरावरच्या शाखेत असत. इथली खिडकी जेवणानंतर अडीचला उघडे.

"म्हणजे रडणारा अजून कामावरच आलेला नाही," काकू म्हणाल्या.

"पण सर्व्हर तर तुम्ही हलवलाय. पंधरा दिवस नव्या पेटीवर चालतोय."

"चालतोय. पण त्याला मी रडवून पाहिलेलं नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ट्रकला पुढे दुसरं ठिकाण होतं, आणि उद्यापासून खोलीचा हा कोपरा गवंड्यांच्या ताब्यात जाणार होता. ते म्हणाले, "दोनपर्यंत काय करायचं ते करा. ट्रकवाल्याला मी चहा पाजतो. पण तो काही चार कप पिणार नाही."

काकू जिन्याने खाली गेल्या. वारस खिडकीवरचे कारकून नुकतेच शाखेतून येऊन डबा उघडून बसले होते. त्यांना सगळे शिक्केमास्तर म्हणत, कारण शिक्का ते असा मारत की शेजारच्या टेबलावरचा पेला हलायचा.

"मास्तर, एक नोंद करून दाखवा."

"आत्ता? काकू, घास तोंडात आहे माझ्या."

"गिळा. मी थांबते."

"अडीचला उघडते खिडकी. बाहेर पाटी आहे. तुम्हीच मागे म्हणाला होतात, पाटीवर लिहिलेलं पाळत जा."

"पाटीवरची वेळ पाळायला कपाट थांबणार नाहीये. उठा ना, मास्तर."

खिडकीबाहेरच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची बायको बसली होती. म्हातारा जुना गोदी कामगार. मानेवर ओझ्याचा घट्टा होता. हे बोलणं ऐकून तो उठून खिडकीपाशी आला. "उघडताय का? हिचं नाव लावायचंय. पहिली गेल्यापासून ती जागा मोकळीच आहे."

"आजोबा, जेवणाची सुट्टी आहे," शिक्केमास्तर म्हणाले.

"सुट्टी मला कळते. मी आयुष्यभर भोंग्यावर जेवलो. पण आज हिचा हट्ट आहे."

"माझा कसला हट्ट?" बायको बाकावरूनच म्हणाली. "लग्नाला सहा वर्षं झाली, सहा वर्षं उद्या उद्या करताय. हट्ट म्हणे."

शिक्केमास्तरांनी हात पुसले, डबा झाकला आणि स्क्रीन लावला. म्हाताऱ्याचा क्रमांक टाकला. जुनी माहिती आली. वारसाच्या रकान्यात बायकोचं नाव टाकलं आणि जतन करण्याची कळ दाबली. स्क्रीन तसाच राहिला. पुन्हा दाबली. मग तांबड्या अक्षरांत एक ओळ उमटली.

"घ्या. अडकलं," शिक्केमास्तर म्हणाले. "आता माझं जेवणही गेलं आणि नोंदही."

काकू खिडकीच्या आतून वाकून ती ओळ वाचत होत्या. डिस्क सापडत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण शेवटी पत्ता होता. १३ए७. तो जाळ्यावरचा नव्हता. वर झोपलेल्या कपाटातला होता. आणि वारस सर्व्हरचा तो पत्ता कधीच नव्हता.

काकूंना मात्र तो आठवला.

बरीच वर्षं झाली असतील. शुक्रवारची संध्याकाळ, कचेरी रिकामी व्हायला आलेली. वारस सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती आणि सोमवारी शाखांकडून नव्या नोंदी येणार होत्या. नवी डिस्क मागवली होती, ती वाटेत होती. सबूर म्हणाले, "शेजारच्या तेरा ए सातमध्ये जागा पडलीय. नोंदींचा कप्पा तिकडे ठेव आणि इथे फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारा दुवा लाव. सर्व्हरला कळायचंसुद्धा नाही."

"आणि नवी आली की?"

"आली की काढू. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

काकूंनी दुवा लावला. एका ओळीचं काम. नवी डिस्क आली, ती पगारपत्रकांना लागली. पुढची आली, ती पत्रछपाईने नेली. दुवा राहिला. त्या संध्याकाळी काम आटोपल्यावर सबूर यांनी खिशातून दोन पेपरमिंट काढल्या होत्या, एक काकूंना दिली होती, आणि दोघं जिना उतरताना त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलत होते. दुव्याबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही. या खोलीत दोन दिवसांसाठी केलेल्या गोष्टीच सगळ्यात जास्त टिकत; ज्याने केलं त्यालाच ते, घर लावताना ठोकलेल्या खुंटीसारखं, दिसेनासं होई.

पंधरवड्यापूर्वी काकूंनी सर्व्हर जाळ्यावर नेला, तेव्हा त्याची डिस्क जशीच्या तशी उतरली. दुवाही उतरला, पण दुवा म्हणूनच. कप्पा जुन्या कपाटात, तेरा ए सातवरच राहिला. सर्व्हर रस्त्यापलीकडच्या पेटीवरून चालत होता, वारसांची नावं मात्र इकडे, जाड केबलीतून, उसन्या डिस्कवर लिहीत होता. रात्रीचा बॅकअप आता फक्त नव्या पेटीचा घेतला जाई. म्हणजे पंधरा दिवसांत लावलेली प्रत्येक नवी बायको, प्रत्येक अपंग मुलगा, प्रत्येक बहीण फक्त त्या कपाटात होती, आणि खाली ट्रक उभा होता.

काकू जिना चढल्या. या वयात त्या जिना असा चढत नसत. खटक्यापाशी साहेब उभे होते, आणि ट्रकवालाही वर आला होता, कपाटाची रुंदी हाताच्या वितीने मोजत.

"वीज बंद करू नका," काकू म्हणाल्या. "वारसांचा कप्पा आत आहे. दुवा जुन्या डिस्कवर आहे. लावला मीच होता, आणि काढायचा राहिला तोही माझ्याकडूनच."

साहेबांचा हात खटक्यावरून खाली आला. "किती वेळ लागेल?"

"जुनी केबल आहे. तासभर."

"अहो, मला पलीकडच्या कारखान्यात जायचंय," ट्रकवाला म्हणाला.

साहेब त्याच्याकडे वळले. "कारखान्यात मी फोन करतो. तुम्ही जेवलात का?"

"जेवलो."

"मग परत जेवा. आमच्या उपाहारगृहात. माझ्या नावावर."

ट्रकवाल्याने काकूंकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. "एवढं काय आहे यात?"

"माणसं मेल्यावर पेन्शन कुणाला द्यायची, ते आहे."

"मग माझ्या बायकोचं नाव आहे का बघा," तो म्हणाला आणि खाली जेवायला गेला.

काकूंनी तेरा ए सातला उठवलं. आधी नव्या पेटीत जागा मोकळी करून ती वारस सर्व्हरच्या ओळखक्रमांकाला दाखवली. मग कप्पा उतरवायला लावला. स्क्रीनवरची टक्केवारी मुंगीच्या पावलाने चढत होती. काकू तिच्याकडे बघत बसल्या नाहीत. बघितल्याने ती चढत नाही, हे त्या जाणून होत्या. त्यांनी जुन्या नोंदी आणि उतरलेल्या नोंदी मोजून घ्यायची आज्ञा लिहून ठेवली. तासाभराने कप्पा उतरला, मोजणी जुळली, तेव्हा दुवा काढून तो नव्या जागी लावला. साहेब शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनी एकदाच विचारलं, "याआधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"चालत होतं म्हणून," काकू म्हणाल्या. "चालणाऱ्या गोष्टीचं झाकण कोण उघडतं?"

मग त्यांनी तेरा ए सातला पुन्हा झोपवलं. काकू फोनवर शिक्केमास्तरांना म्हणाल्या, "पुन्हा टाका."

"तेच नाव?"

"तेच. आजोबा बसलेत ना?"

"बसलेत. माझा अर्धा डबा संपवलाय त्यांनी."

फोनच्या तारेतून कळा वाजल्या. मग धाडकन शिक्का बसल्याचा आवाज आला आणि पलीकडून शिक्केमास्तर म्हणाले, "बसलं." त्यांच्या मागे कुठूनतरी म्हातारीचा आवाज ऐकू आला, "बघू, स्पेलिंग बरोबर आहे का," आणि म्हाताऱ्याचा, "आता तरी घरी चल."

अडीचला खिडकी रीतसर उघडली. त्यानंतरच्या सात-आठ नोंदी काकूंनी वरून एकेक करून पाहिल्या. प्रत्येक नाव रस्त्यापलीकडे जाऊन बसत होतं. कपाट गप्प होतं. साडेतीनला त्यांनी साहेबांकडे मान हलवली आणि स्वतः खटका खाली ओढला. पंखे एकदम थांबत नाहीत. आधी सूर खाली येतो, मग फक्त हवा हलल्यासारखं वाटतं. खोलीत इतकी शांतता झाली की ट्रकवाल्याच्या माणसांच्या चपलांचा आवाज मोठा वाटू लागला.

कपाट गेलं तिथे फरशीवर चार गोल खळगे आणि एक धुळीचा चौकोन उरला. चौकोनाच्या कडेला कुणाच्या तरी खुर्चीच्या पायांचे घासलेले दोन पट्टे होते. काकूंनी ते पाहिले. झाडू आणायला सांगणार होत्या, पण उद्या गवंडी येणारच आहेत म्हणून सांगितलं नाही.

पावणेपाचला त्यांनी काकांना फोन केला.

"गेलं का कपाट?" काकांनी विचारलं.

"गेलं. आधी रडलं, मग गेलं."

"कोण रडलं?"

"शिक्केमास्तर."

"मग काही नाही. तो लग्नाच्या जेवणातही रडतो." मग काकांनी विचारलं, "सबूर असते तर काय म्हणाले असते गं?"

"म्हणाले असते, मी सांगितलं होतं, दोन दिवसांत काढ."

"आणि तू?"

"मी म्हटलं असतं, कुठले दोन ते सांगितलं नव्हतंत."

काका हसले. काकूंनी फोन ठेवला, स्वेटर काढून पिशवीत घातला आणि जाण्याआधी पाळीच्या फळ्यावर उद्याचं काम लिहिलं. आता सगळे सर्व्हर जाळ्यावरच्या डिस्कवर आहेत. त्या जाळ्यातल्या दोन स्विचपैकी पहिल्यात मंगळवारी नवं सॉफ्टवेअर भरायचं आहे. सकाळी सातला पहिली वाट बंद होईल आणि अर्धा तास सगळी बिऱ्हाडं दुसऱ्या वाटेने चालतील. पाळी साडेसहाची आहे, आणि फळ्यावर नाव काकूंचं आहे.